पानशेत, १२ जुलै १९६१ : अर्धवट मोरीवर भरलेले धरण

पानशेत धरण फुटून शहरात पूर आल्याचे हे प्रकरण पुण्यात घरोघरी सांगितले जाते. पण सांगताना बहुतेक वेळा सुरुवात होते ती लकडी पुलावर पाणी चढले तिथून. खाली सुरुवात चार वर्षे आधीची आणि चाळीसेक किलोमीटर वरची आहे. तेव्हाच्या अधिकाऱ्यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. कोणत्या जागी कोणता निर्णय झाला, एवढे कळले तरी काम भागते.

पार्श्वभूमी

पुण्याला पाणी आणि पूर्वेकडच्या कालव्यांना सिंचन देणारे मुख्य धरण म्हणजे मुठेवरचे खडकवासला. ब्रिटिश अभियंते कॅप्टन फाइफ यांच्या आराखड्यावर बांधलेले हे दगडी धरण १८७९ मध्ये उभे राहिले. नदीपात्रापासून उंची ३१.२५ मीटर, लांबी सुमारे १,४७१ मीटर, पाया कठीण खडकात. १९०३ साली त्याच्या सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडते त्या भागावर, विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, त्यामुळे साठा वाढला. तरीही स्वातंत्र्यानंतर वाढत्या शहराला आणि शेतीला तो अपुरा पडू लागला. म्हणून वरच्या अंगाला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथे साठवणीचे धरण घेण्यात आले. काम १९५७ मध्ये सुरू झाले.

पानशेत मातीचे धरण. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरमाचे कवच. फुटले तेव्हा उंची ५१ मीटर होती आणि साठवण क्षमता सुमारे २१ कोटी ४० लाख घनमीटर, म्हणजे साडेसात टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. पाणी खाली सोडण्यासाठी डाव्या कुशीत खणलेल्या चरातून धरणाच्या पोटाखालून मोरी काढली होती. पुढचे सगळे प्रकरण या मोरीभोवती फिरते.

मातीच्या धरणात मोरी हा कायमच नाजूक अवयव असतो. भराव वर्षानुवर्षे दबत जातो, खाली बसत जातो. काँक्रीटची मोरी मात्र जागची हलत नाही. जिथे हलणारे आणि न हलणारे एकमेकांना टेकतात तिथे फट पडण्याची शक्यता सर्वांत जास्त. शिवाय गाभ्याखाली मोरीच्या डोक्यावर माती किती असते? पन्नास मीटर उंचीचा भराव घनमीटरला दोन टन धरला, तर दर चौरस मीटरवर शंभर टनांचे ओझे येते. त्यात वर पाणी साठले की मातीत मुरलेल्या पाण्याचा दाब वेगळा.

एवढे ओझे पेलायला मोरीचे छत सळईच्या काँक्रीटचे हवे. पानशेतला ते तसे झाले नाही. पोलादाची टंचाई होती, म्हणून सळई न घालता काँक्रीटचे ठोकळे एकमेकांना टेकवून कमान केली गेली. ठोकळ्यांची कमान वाईट नसते. तिच्यावर ओझे एकसारखे आणि फक्त वरून येत असेल तर ती शतकानुशतके उभी राहते, जुने दगडी पूल पाहा. पण ती फक्त दाब सोसते, ताण नाही. आतून धक्के बसू लागले, एका बाजूचे ओझे कमी-जास्त झाले, की सांधे उघडतात. सळई असती तर छताला तडा गेला असता, पण त्याचे तुकडे एकत्र राहिले असते. ठोकळ्यांच्या कमानीत एक ठोकळा निसटला की शेजारचे दोन मोकळे होतात.

पहिला निर्णय : घळभरणी आणि साठा

मातीच्या धरणाच्या कामात एक टप्पा असा असतो की त्यानंतर मागे फिरता येत नाही. तो म्हणजे घळभरणी. तोवर नदी भरावात ठेवलेल्या खिंडारातून, म्हणजे घळीतून, वाहत असते. घळ भरली की नदीला दोनच वाटा उरतात : खाली मोरी, वर सांडवा. सांडवा पाणी वर चढेपर्यंत चालत नाही. म्हणजे घळभरणीपासून सांडव्याच्या पातळीपर्यंत धरणाची सगळी भिस्त मोरीवर असते.

१९६१ च्या पावसाळ्याआधी पानशेतची घळ भरून त्याच वर्षी पाणी अडवायचे ठरले. मूळ वेळापत्रकापेक्षा ही घाई होती. पाऊस तोंडावर आला तेव्हा भराव उंच झाला होता, पण मोरीचे काम पुरे नव्हते. झडपा उचलण्या-सोडण्याची हॉइस्टची यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती, आणि मोरीच्या आतले पृष्ठभागही खडबडीत होते.

त्या वेळी तीन वाटा होत्या.

पहिली, घळ आणखी एक पावसाळा उघडी ठेवणे. खर्च वाढतो, एक हंगाम जातो, आणि उघड्या घळीच्या तोंडांची दगडी पिचिंगने नीट राखण करावी लागते. पण धरणात पाणीच साठत नाही.

दुसरी, घळ भरायची पण मोरीत झडप उतरवायची नाही. तोंड पूर्ण मोकळे ठेवायचे, पाणी वाहील तेवढे वाहू द्यायचे. पाणी तरी साठणार, कारण मोरी कालव्याच्या गरजेनुसार बेतलेली असते, पुराच्या येव्यानुसार, म्हणजे येणाऱ्या पाण्यानुसार, नाही. तरी प्रवाह एकसारखा राहतो आणि मोरीला धक्के बसत नाहीत.

तिसरी, घळ भरायची, झडपा अर्धवट स्थितीत ठेवायच्या आणि सांडव्यापर्यंत पाणी चढू द्यायचे. प्रत्यक्षात घडले ते हे.

या टप्प्यावर एक साधा हिशेब करता आला असता. पानशेतचे पाणलोट क्षेत्र सुमारे १२० चौरस किलोमीटर. सह्याद्रीच्या माथ्यालगत जून-जुलैत दीड-दोन मीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. १२० चौरस किलोमीटरवर पावणेदोन मीटर पाऊस म्हणजे २१ कोटी घनमीटर पाणी. धरणाच्या पूर्ण क्षमतेइतके! त्यातले पाचवा हिस्सा मुरले-वाळले असे धरले तरी १७ कोटी घनमीटर उरते. ते साठू द्यायचे नसेल तर चोवीस दिवस सरासरी ८० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे २,८०० क्युसेक (सेकंदाला घनफूट), अखंड सोडायला हवेत. आणि सरासरी ही फसवी गोष्ट. मुसळधारेच्या दिवशीचा येवा तिच्या कित्येक पट असतो. म्हणजे मोरी पूर्ण ताकदीने, न अडखळता चालली तरच पातळीवर थोडाफार ताबा राहणार होता. अर्धवट मोरीवर तो राहणे शक्य नव्हते.

१८ जून ते १२ जुलै या काळात तिथे १,७७८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

अडचण कशी वाढत गेली

पाणी सुरुवातीला दिवसाला ९ मीटर या गतीने चढले आणि बारा दिवसांत २४ मीटर वर गेले. नवे धरण पहिल्यांदा भरताना पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात. एका पातळीवर थांबायचे, पाझर मोजायचा, माथ्याची आणि उताराची पातळी घ्यायची, पायथ्याशी गढूळ पाणी येते का पाहायचे, मग पुढच्या पातळीला जायचे. कारण ताजा भराव कोरडा असताना एक वागतो, भिजल्यावर वेगळा. मुरमाचे कवच भिजून बसते, गाभा हळूहळू बसतो, आणि या दोघांच्या चालीत फरक पडला की आडव्या-उभ्या भेगा पडतात. दिवसाला ९ मीटर म्हणजे धरणाला बसायला सवडच नाही.

पण खरी गोम खाली होती. झडप पूर्ण उचललेली नाही, पूर्ण बंदही नाही, अशी मध्ये लटकलेली. अशा झडपेच्या ओठाखालून पाणी मोठ्या वेगाने सुटते आणि झडप थरथरते. तिच्या पाठीमागे मोरी कधी उघड्या गटारासारखी अर्धी भरून वाहते, कधी नळासारखी तुडुंब भरते. हे आलटून-पालटून होऊ लागले की प्रत्येक बदलाला आतल्या हवेचा आणि पाण्याचा एक हबका बसतो. दाब एकदम वाढतो, एकदम पडतो. त्यात आतला खडबडीतपणा प्रवाहाला आणखी बिथरवतो. एक-दोन हबके कोणतेही बांधकाम सोसते. हे दिवसचे दिवस चालले होते, आणि डोक्यावर शंभर टनांचे ओझे घेतलेली ठोकळ्यांची कमान त्याखाली उभी होती.

कमानीत फट पडली की पुढचा क्रम ठरलेला असतो. वरची माती भिजलेली, दाबाखाली. ती फटीतून मोरीत उतरते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. जागा रिकामी होते, तिच्यावरची माती खाली येते. पोकळी चिमणीसारखी वर वर सरकत जाते. माथ्यावरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे माथा खचताना. एक खूण मात्र आधी मिळते : मोरीतून बाहेर पडणारे पाणी धरणाच्या मातीच्या रंगाचे होणे. पावसाळ्यात नदी गढूळच असते, म्हणून ही खूण सहज निसटते. रंगापेक्षा गाळात काळ्या मातीचे डिखळे येतात का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

पानशेतला मोरीच्या वर, धरणाच्या अक्षाला काटकोनात भेगा पडल्या आणि सुमारे ९ मीटर रुंदीचा पट्टा खचू लागला. अडीच तासांत तो अंदाजे १.४ मीटर खाली गेला. तेव्हा पाणी माथ्यापासून फक्त ०.६ मीटर खाली राहिले.

हे दोन आकडे एकत्र वाचले की प्रकरणाचा निकाल लागतो. १.४ आणि ०.६ मिळून २ मीटर. म्हणजे माथा खचला नसता तर त्या क्षणी पाणी माथ्यापासून दोन मीटर खाली असते. सांडवा कमी पडला म्हणून धरण फुटले, असे म्हणता येत नाही, आणि पायाही दगा देऊन गेला नव्हता. १९७९ साली गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू-२ फुटले तिथे गोष्ट उलटी होती : येवा सांडव्याच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त आला आणि पाणी भरावावरून गेले. पानशेतला पाणी माथ्यापर्यंत चढलेच नाही. माथा पाण्यापर्यंत खाली आला.

११ जुलैची रात्र : काय करता येण्यासारखे होते

माथा खचतो आहे, पाऊस चालू आहे, मोरी हातची गेली आहे. या टप्प्यावर उपलब्ध वाटा आणि त्यांचे वजन असे :

झडप पूर्ण उचलणे. हॉइस्ट तयार असता तर सर्वांत स्वाभाविक उपाय. पण माती मोरीत उतरू लागल्यावर झडप उघडली तर प्रवाह वाढतो आणि माती ओढण्याचा वेगही वाढतो. बंद केली तर पातळी चढते. दोन्हीकडून तोटा. हा उपाय आठवडाभर आधी कामाचा होता, त्या रात्री नव्हता.

सांडव्याच्या बाजूने मुद्दाम वाट करून देणे. खडक असलेल्या कुशीत, भरावापासून दूर, सांडव्याचा माथा उतरवला तर पातळी हळूहळू खाली येते. पण त्याला सुरुंग, यंत्रे आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. मुसळधार पावसात रात्रीतून हे होणारे काम नाही. आधी ठरवून ठेवलेले असेल तरच.

खचलेल्या पट्ट्यावर पोती रचणे. लष्कराच्या जवानांनी हे केले. रात्रभर वाळूची पोती टाकून माथा पाण्याच्या वर धरून ठेवला. कारणावर हा इलाज नव्हता. खाली पोकळी वाढतच होती आणि वरून टाकलेली पोती तिच्याबरोबर खाली जात होती. तरी या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय कोणता असे विचारले तर हाच. धरण मध्यरात्री फुटण्याऐवजी सकाळी फुटले. २ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचे तिवरे धरण रात्री फुटले तेव्हा एका छोट्या वाडीतली वीसहून अधिक माणसे गेली. तिवरेच्या कित्येक पट मोठे धरण आणि खाली झोपलेले पुणे, हे गणित मांडायची गरज नाही.

खालचे धरण रिकामे करणे. खडकवासल्यात जागा केली तर वरून येणारी लाट काही काळ थोपवता येईल, हा विचार स्वाभाविक आहे. पण त्याला मर्यादा आहेत. सांडव्याचे दरवाजे पातळी सांडव्याच्या उंबऱ्यापर्यंतच उतरवू शकतात. त्याखालचे पाणी कालव्याच्या आणि तळाच्या दारांतूनच जाते, आणि ती दारे पुराच्या मानाने बारीक. खडकवासल्यात पानशेतच्या पाण्याचा एक लहान हिस्साच मावतो. म्हणजे या उपायाने खडकवासला वाचलेच असते, असे नाही. तास-दीड तास मिळाला असता. पुलांवरची माणसे बाजूला काढायला तास-दीड तास पुष्कळ असतो.

नदीकाठ रिकामा करणे. हाच एक उपाय असा होता की ज्याला ना हॉइस्ट लागत होता, ना सुरुंग. माथा खचू लागल्यापासून लाट शहरात येईपर्यंत एक अख्खी रात्र हातात होती. पोत्यांनी मिळवलेले तास शहर हलवण्यासाठी वापरायचे, इतकाच तो निर्णय. तो वेळेवर झाला नाही. १२ जुलै हा बुधवार होता, आणि सकाळी शहर नेहमीसारखे कामाला लागले होते.

हा निर्णय का होत नाही, यावर थोडे थांबायला हवे, कारण तो आजही असाच अडतो. धरणावरचा माणूस 'धोका आहे' असे कळवायला तयार असतो, 'फुटणार' असे लिहून द्यायला नसतो. शहरातला अधिकारी 'फुटणार' या शब्दाशिवाय लाखभर माणसे हलवायला धजत नाही. घबराट होईल ही भीती असतेच, आणि धरण टिकले तर जाब विचारला जाईल ही त्याहून मोठी. दोघेही आपापल्या जागी तर्काने वागतात आणि मधली रात्र निघून जाते. यावर उपाय म्हणजे निर्णय माणसावर न ठेवता खुणेवर ठेवणे. माथा अमुक इतका खचला, पाणी माथ्यापासून अमुक इतकेच खाली उरले, की भोंगा वाजणार. कोणाची सही लागणार नाही.

पानशेत गेले, मग खडकवासला

१२ जुलैच्या सकाळी पाणी खचलेल्या पट्ट्यावरून वाहू लागले आणि धरण फुटले. मातीच्या भरावावरून पाणी जाऊ लागले की खालच्या उतारावर पायऱ्या पडतात, त्या मागे मागे सरकतात, आणि माथ्यापर्यंत पोचल्या की भगदाड रुंदावत जाते. इथे तर मोरीवरचा भराव आधीच पोकळ झाला होता.

लाट खडकवासल्यात आली तेव्हा ते भरलेले होते आणि सांडवा जवळजवळ पूर्ण क्षमतेने, म्हणजे २,७७५ घनमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास, वाहत होता. पाणी धरणाच्या माथ्यावर चढले आणि अख्ख्या लांबीवर २.७ मीटर उंचीने वाहू लागले. रुंद माथ्याच्या बंधाऱ्याचे नेहमीचे सूत्र लावले (१.७ गुणिले लांबी गुणिले उंचीचा दीड घात), तर माथ्यावरून जाणारे पाणी ११,००० घनमीटर प्रतिसेकंद येते. क्युसेकमध्ये चार लाखांच्या जरा खाली. हा ढोबळ हिशेब आहे, पण आजच्या पुणेकराला तुलना चटकन कळेल : हल्ली खडकवासल्यातून पस्तीस-चाळीस हजार क्युसेक सोडले की भिडे पूल केव्हाच बुडालेला असतो आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरते. त्याच्या दसपट.

माथ्यावरून पाणी गेले तर दगडी धरण लगेच पडत नाही. मातीच्या धरणापेक्षा ते पुष्कळ सोशिक असते. पण त्याच्यावरचा भार पाण्याच्या खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ढकलणारा जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि उलथवणारा घनाच्या. नेहमीच्या पातळीला पाणी माथ्यापासून २.७४ मीटर खाली असायचे, आता २.७ मीटर वर. खोली साधारण साडेअठ्ठावीस मीटरवरून चौतीसवर गेली, म्हणजे वीस टक्क्यांहूनही कमी वाढ. पण धरणाला ढकलणारा जोर चाळीस टक्के वाढला आणि उलथवणारा पासष्ट. शिवाय हे धरण ज्या काळात आखले गेले तेव्हा पायाखाली शिरून वर उचलणाऱ्या पाण्याच्या दाबाचा हिशेब अजून रूढ झाला नव्हता. लाटांच्या माऱ्याने धरण थरथरत असल्याचे पाहणाऱ्यांनी नोंदले. चार तासांच्या आत ते फुटले. बांधल्याला तेव्हा ब्याऐंशी वर्षे झाली होती.

त्या चार तासांना कमी लेखू नये. खडकवासला मातीचे असते तर ते काही मिनिटांतच कापले जाऊ लागले असते. देशातली जलसंशोधनाची प्रमुख संस्था याच धरणाच्या पायथ्याशी काम करत होती, हा योगायोग मनाला लागतो. ज्ञान दहा-वीस किलोमीटरवर होते, ते वेळापत्रकाच्या बैठकीत नव्हते.

शहर आणि नंतर

पाण्याने मुठेकाठच्या पेठा धुऊन नेल्या. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, पलीकडे डेक्कन जिमखाना. जुनी घरे मातीत बांधलेली. अशा घरात पाणी शिरले की भिंत बाहेरून उभी दिसते, आतली माती विरघळत असते, आणि पाणी ओसरताना घर बसते. म्हणून पडझडीचा मोठा भाग पूर उतरताना आणि नंतर झाला. मृतांचा आकडा सरकारी नोंदीत आणि लोकांच्या तोंडी वेगवेगळा आहे. हजाराच्या आसपास असा अंदाज नेहमी दिला जातो.

पूर ओसरल्यावर उलटेच संकट आले. खडकवासला रिकामे झाले, म्हणजे शहराचा नळ बंद. पेशवाईतल्या कात्रजच्या नळातून भरणारे हौद आणि वाड्यांतले आड तेव्हा पुन्हा उपयोगी पडले. मोडीत काढलेली जुनी व्यवस्था बुजवली नव्हती, हे नशीब.

विस्थापितांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर नदीपासून दूर, टेकड्यांकडे पसरले. चौकशी न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे सोपवली होती. काम अपुरे असतानाच त्यांचे निधन झाले, आणि ते न्यायमूर्ती नाईक यांनी पुढे नेले. खडकवासल्याचे भगदाड बुजवून धरण पुन्हा वापरात आले. पानशेत नव्याने, जास्त उंचीचे बांधले गेले आणि १९७२ मध्ये पूर्ण झाले. तानाजीसागर म्हणतात तो याचाच जलाशय.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त दुरुस्ती ११ जुलैच्या रात्रीची नाही, उन्हाळ्यातली आहे. घळभरणीच्या आधी एक थांबा हवा होता. तिथे वेळापत्रक पाहणाऱ्या माणसाचा अधिकार संपतो आणि मोरी तपासणाऱ्याचा सुरू होतो. तपासायचे काय, तर हॉइस्ट बसला का; झडप कोरड्यात पूर्ण खाली-वर करून पाहिली का, आणि तीही हाताने, वीज नसताना; झडपेमागे हवेची नळी आहे का; मोरीचे छत आराखड्याप्रमाणे आहे का, नसेल तर बदललेल्या छताची गणिते नव्याने कोणी केली. शेवटचा प्रश्न पानशेतला कळीचा होता. साहित्य बदलले की आराखडा बदलतो. सळई मिळत नाही म्हणून ठोकळे घातले तेव्हा साठ्याची तारीख आपोआप पुढे जायला हवी होती. एकाच कामात एक खिडकी टंचाई मान्य करते आणि दुसरी घाई मान्य करते, असे झाले की त्या दोन कागदांची गाठ कुठेच पडत नाही.

दुसरे, झडप अर्धवट लटकत ठेवण्यापेक्षा काढून टाकणे बरे होते. साठा झाला असता, पण मोरी धक्के खात बसली नसती.

तिसरे, खालच्या धरणाचा पूर ठरवताना वरच्या धरणाच्या फुटीचा पूर धरायला हवा. खडकवासल्याचा सांडवा नदीच्या पुरासाठी पुरेसा होता. वरती नवे धरण बांधले त्या दिवसापासून तो अपुरा झाला होता, एक दगडही न हलता.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने यातल्या काही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. पंधरा मीटरहून उंच धरण पहिल्यांदा भरण्याआधी भरण्याचा आराखडा लागतो, मध्ये थांबून निरीक्षणाला वेळ ठेवावा लागतो, आणि आपत्कालीन कृती आराखडाही तयार ठेवावा लागतो.

पानशेतनंतर त्याच खोऱ्यात वरसगाव आणि टेमघर झाली, आणि आज या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात येते. टेमघर दगडी आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या भिंतीतून मोठी गळती सुरू झाली, इतकी की खालच्या अंगाने कारंजी उडताना दिसत. तेव्हा ठरले ते असे : पाणी खाली सोडून धरण रिकामे करायचे, कोरड्या भिंतीत सिमेंटचे ग्राउटिंग करायचे, म्हणजे पातळ सिमेंट दाबाने भरायचे, पावसाळ्यात जपून भरायचे, आणि उन्हाळ्यात पुन्हा रिकामे करून उरलेले काम करायचे. हे करता आले, कारण टेमघरचे दार उघडत होते.